परीक्षेला न येणारा चर्चचा कायदा

"सर, तुमच्याच विषयातली केस मिटवली," म्हणत गजानन वकिलानं लग्नपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. लग्न आठ दिवसांवर होतं. सोबत त्याची अशील होती, नवरी मार्थाताई. डोंगरकडा गावाकडे सरकारी दवाखान्यात नर्स. गजानन माझा जुना विद्यार्थी. हिंगोलीत लॉ कॉलेजात मी धर्म आणि कायदा शिकवतो. माझ्या विषयाचं घरीही कोणी नाव काढत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, "हे लग्नाचं शिकवतात," आणि पाहुणे मला मुहूर्त विचारतात. त्यामुळे मी खुर्चीत जरा फुगलोच.

मी त्यानं आणलेली केसची फाइल उघडली. आत एकच कागद. चर्चच्या न्यायपीठाचा निकाल: मार्थाताईंचं पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं.

इथं थोडं समजावतो. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा असतो, कॅनन लॉ. त्यात घटस्फोट नाही. पण लग्न लागतानाच मोठी खोट असेल, समजा मूल होऊच द्यायचं नाही असं नवऱ्यानं आधीच ठरवून लपवलं असेल, तर चर्च चौकशी करून ते लग्न रद्द ठरवतं. मग चर्चमध्ये दुसरं लग्न लावता येतं. सरकारच्या लेखी मात्र पहिलं लग्न तसंच उभं असतं. ते फक्त कोर्ट मोडू शकतं.

"कोर्टाची ऑर्डर कुठंय?" मी विचारलं.

"ती कशाला, सर? चर्चनं रद्द केलं ना."

माझा आवाज स्टाफरूमबाहेर गेला. अरे, हे लग्न लागलं तर कायद्यानं ते लग्नच नाही, वर गुन्हा. पहिल्या नवऱ्यानं एक तक्रार ठोकली की ताईंची नोकरी धोक्यात.

"तो तर वाटच बघून राहिला," मार्थाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. फादरांनी त्यांना बजावलं होतं, कोर्टाचं वकिलाला विचारून घे. त्यांनी बराबर विचारलं होतं. वकील म्हणाला, काही गरज नाही.

मी गजाननवर घसरलो. "कोणत्या गाढवानं शिकवलं तुला हे?"

त्यानं बॅगेतून जुन्या नोट्सची झेरॉक्स काढून पुढं सरकवली. मीच वर्गात सांगितलेल्या नोट्स. 'चर्च विवाह रद्द ठरवू शकते.' पूर्णविराम. खाली: 'परीक्षेला येत नाही. घरी वाचणे.'

कोर्टाचं वाक्य नव्हतंच. सिलॅबस उरकायचा होता. शिवाय मी वर्गात म्हणालो होतो, हिंगोलीत ख्रिस्ती अशील कुठं भेटणार तुम्हाला? पोरं हसली होती. मग दरवर्षी तेच सांगून हशा घेत आलो.

मार्थाताई उठल्या. आवाज चढवला नाही, पण मला खाली बघावं लागलं. "फादर म्हणले वकिलाला विचार. वकील म्हणतो सरांनी शिकवलं. तुमी दोघं एवढे शिकलेले. आता मी कोणाला विचारू?"

लग्न पुढं ढकललं. पत्रिका वाटलेल्या घरी मार्थाताईंना एकेक फोन करावा लागला. पहिलं लग्न रद्द करण्याचा अर्ज जिल्हा कोर्टात गेला. या खेपेला मसुदा मी ओळीओळीनं तपासला, गजाननला तीनदा लिहायला लावला. पहिला नवरा शेवटपर्यंत भांडला, नुसत्या तारखा घेत राहिला. दोन वर्षांनी हुकूम झाला. होणारा नवरा थांबला, हे त्या माणसाचं मोठेपण. त्यात आम्हा दोघांचं काही नाही. लग्न झाल्याचं कानावर आलं. आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

गजाननवरचा राग दोन दिवसांत गेला. स्वतःवरचा अजून आहे. एक मात्र शिकलो. एखादा कायदा शिकवलाच नाही, तर वकील निदान पुस्तक तरी उघडतो. अर्धा शिकवला की तो छातीठोक सल्ला देतो.