मुद्देमालाची चव

वडील अकोल्याला मॅजिस्ट्रेट असताना त्यांच्यापुढे एकदा कैरीचे लोणचे मुद्देमाल म्हणून आले. लाखेचे सील फोडून लहानशी बरणी उघडताच शाई, जुने कागद आणि घाम यांच्या कोर्टातल्या शिळ्या वासात मोहरी झणझणत शिरली. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात कविता शिकत होते. सुटीत घरी आले, की कोर्टाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसे.

फिर्यादी होत्या एका जिनिंगवाल्याच्या पत्नी. दर उन्हाळ्यात त्यांच्या हातचे लोणचे वाटीवाटीने साऱ्या आळीत पोचे. आरोपी त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी विधवा. आरोप चोरीचा; बरणी तिच्या घरी सापडली होती. शिक्षा झाली असती, तर गावातल्या एकाही स्वयंपाकघराने तिला पुन्हा उभे केले नसते.

बरणीवर खूण नव्हती. पुरावा एकच, चव. ‘माझं लोणचं मी डोळे मिटून ओळखेन,’ असे बाईंनी शपथेवर सांगितले.

अशा पुराव्याला वजन किती द्यायचे, हे सर्वस्वी वडिलांच्या विवेकावर होते. त्या धास्तीने त्यांनी चार दिवस ताटातले लोणचे वर्ज्य केले. जीभ निःपक्षपाती हवी, म्हणाले.

‘मग मीठही सोडा,’ आई म्हणाली. ‘तेही फितूर असायचं.’

न्यायाधीशाने साक्षीदार होऊ नये, म्हणून प्रथम दोन्ही वकिलांनी फोड चाखली. एकमत होईना, म्हणून पुन्हा चाखली. पेशकाराने नोंद अचूक व्हावी म्हणून चाखली. पट्टेवाल्याने डब्यातली पोळीच काढली. अखेरीस वडिलांनी ‘कोर्टाने मुद्देमालाची पाहणी केली’ असे लिहिले आणि डोळे मिटून, फार वेळ, पाहणी केली.

मग त्यांनी फिर्यादीला विचारले, ‘हे आपणच घातलं?’

‘नाहीतर कोण घालणार?’

‘बरणीला धुरी कशाची देता?’

बाई थबकल्या. मागे त्यांचे यजमान उगाच खोकले.

‘उदबत्तीची,’ त्या म्हणाल्या. ‘मोगऱ्याच्या.’

कोर्टभर हशा पसरला. आरोपीला मात्र राहवेना. ‘अवो बाई, लोनचं हाय का देवघर? निखाऱ्यावर हिंग टाकाचा अन् बरनी पालथी घालाची! साहेब, यायच्या घरचं लोनचं मीच घालतो, अन् माया घरचंबी मीच. चव येगळी कुठून येईन?’

बाईंनी हे नाकारावे, तर मोगरा आडवा येत होता. कबूल करावे, तर सारी आळी.

वडिलांनी निकाल लिहिला: चवीवरून हात कळतो, मालक कळत नाही, संशयाचा फायदा देऊन आरोपीस निर्दोष सोडण्यात येते व मुद्देमाल तिला परत करण्यात येतो.

पेशकाराने बरणी तिच्या हाती दिली. तिने आत डोकावले, बरणी तिरपी केली, हलवली. तळाशी एक चोखलेली कोय खुळखुळली.

‘सुटलो म्हना मी,’ ती म्हणाली. ‘पन साहेब, माया लोनच्याले कोनी खाल्लं, त्याचा पंचनामा करा न!’

वडिलांनी पिवळी बोटे टेबलाखाली नेली आणि कोर्ट उठल्याचे जाहीर केले.