वॉलआय, पिकरेल आणि माझी जाऊ

माझ्या जाऊबाई माशाला माशाचं नाव सांगतील, असं मी नवऱ्याला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं. तो हसला होता. मला हसू आलं नव्हतं. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे इसवण म्हणतात, पापलेटला सरंगा म्हणतात. जाऊबाई दादरच्या. पहिल्यांदा सासरी मी "इसवण छान मिळाली" असं म्हटलं, तर त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, सुरमई म्हण ना, सगळ्यांना कळतं." सगळ्यांना म्हणजे कोणाला? माझ्या आईच्या घरात सात जणांना इसवण कळत होती.

तेव्हापासून जे पोटात दुखायला लागलं ते आजतागायत. खोटं कशाला बोलू.

नशिबाने आम्ही अमेरिकेत आलो ते ईडन प्रेरीला, आणि दीर-जाऊ आधीपासून ट्रॉयला. मधे दोन-तीन राज्यं होती, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. मिनेसोटात मला माझा स्वतःचा मासा मिळाला, वॉलआय. इस्टरच्या आधी महिना-दीड महिना दर शुक्रवारी तिथे गावोगाव मासे तळतात. ऑफिसातून लवकर निघून मी लेकीला घेऊन जायची. कागदी ताटलीत तळलेला वॉलआय, फ्राइज, कोबीची ती गोडसर कोशिंबीर. लेक पाच वर्षांची असल्यापासून आमचा हा नेम. तिथे काटे काढलेलाच मासा तळतात, तरी मी प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबून बघायची आणि मग तिच्याकडे सरकवायची. माझी आई तसंच करायची. "काटो बघ गो," म्हणायची आणि काढलेले काटे ताटाच्या डाव्या कडेला ओळीने लावायची. घरी मी काट्यांचा मासा करायची तेव्हा लेकीला पंधराव्या वर्षापर्यंत तसाच साफ करून दिला, काटे डाव्या कडेला लावून. नवरा म्हणायचा, "लाडावतेस." लाडावते तर लाडावते.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने नोकरी बदलली, गाड्यांच्या कंपनीत, आणि आम्ही ट्रॉयला आलो. जाऊबाईंपासून दहा मिनिटांवर. लेक दहावीत. तिच्या सगळ्या मैत्रिणी मागे राहिल्या. तिने माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं, जणू कंपनी मीच बदलली होती. "हाऊ वॉज स्कूल?" विचारलं की "फाइन". बस, एवढंच.

माझं ऑफिस सहाला सुटतं. जाऊबाई घरीच असतात. त्यांचे दोन्ही मुलगे मोठे झालेत, एक सिअॅटलला, एक टेक्ससला. तेव्हा त्या म्हणाल्या, "शुक्रवारी मी आणते हिला शाळेतून. आमच्या नेहमीच्या दुकानात फिश अँड चिप्स खाऊ दोघी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

एका शुक्रवारी सुट्टी टाकून मीही गेले. छोटंसं जुनं दुकान, भिंतीवर जाळी टांगलेली. पाटीवर चिप्स लिहिलेलं आणि ताटलीत फ्राइज. मी काउंटरवर जाऊन वॉलआय मागितला. काउंटरवरची बाई म्हणाली, आमच्याकडे पिकरेल आहे. लेकीने डोळे फिरवले. "आई, इट्स द सेम फिश. इथे पिकरेल म्हणतात. काकूने सांगितलं मला."

काकूने सांगितलं. काकू बाजूला उभी राहून व्हिनेगरच्या पुड्या गोळा करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच ते गोड हसू. मग तिनेच तिघींचं सांगितलं, पिकरेल, चिप्स, माझ्यासाठी जास्तीचा सॉस, मला न विचारता. सॉस मला हवाच होता, म्हणून तर जास्त राग आला. लेक तिच्या शेजारी बसली. दोघी शाळेतल्या कुठल्यातरी मुलीबद्दल बोलून हसत होत्या. ती मुलगी कोण, मला पत्ता नव्हता. मी समोर बसून पिकरेल चावत होते. चव वॉलआयचीच होती, मेली.

आणि मग कहर झाला. महिन्याभराने मी ग्रोसरीला निघाले तर लेक म्हणाली, "आई, सुरमई आणशील? काकू करते तशी?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने आपणहून मराठीत काही मागितलं, तर ते सुरमई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आपल्या घरात इसवण म्हणतात," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. ती म्हणाली, "ओके, व्हॉटेव्हर," आणि खोलीत गेली. मी गाडीत बसून रडले. एका माशाच्या नावासाठी पन्नाशीची बाई पार्किंगमधे रडते आहे, हे कोणाला सांगायची सोय नाही. पण मला भीती नावाची नव्हतीच. पोरगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. जाताना माझ्याकडचं काय घेऊन जाईल? सगळं काकूकडचंच?

मग मी जे केलं ते चांगलं नव्हतं. मी दीर-जाऊंना रविवारी जेवायला बोलावलं. बाजारातून अख्खे मासे आणले, डोक्यासकट. पाटीवर पिकरेलच लिहिलं होतं, मी मनात वॉलआय म्हणून घेतले. दुकानदार काटे काढून फिले करून देत होता, मी नको म्हटलं. मला काटे हवे होते. कारण जाऊबाईंच्या घशात लहानपणी काटा अडकला होता. तेव्हापासून त्या सुरमई आणि पापलेट सोडून काट्याच्या माशाला हात लावत नाहीत. मला हे चांगलं माहीत होतं. लेकीने बघावं, म्हटलं, की काकूला माशातलं कितपत कळतं.

रविवारी मी माशाला कोकमाचं आगळ, हळद, मिरची लावली आणि रव्यात घोळवून तुकड्या तव्यावर सोडल्या. नवऱ्याला टॉवेल देऊन स्मोक अलार्मखाली उभा केला. तो विचारत होता, "आज एवढं काय?" मी म्हटलं, "पाहुणे आहेत ना."

जेवायला बसलो. लेक अर्थातच काकूशेजारी. मी जाऊबाईंच्या ताटात सगळ्यात मोठी तुकडी वाढली, मधली, काट्यांची. "घ्या ना वहिनी, आज मुद्दाम आमच्याकडचा केलाय." त्यांनी तुकडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना कळलं. बाईला सगळं कळतं. तुकडी बाजूला सारून वरण-भात कालवत राहिल्या. मला वाटलं होतं मजा येईल. मजा आली नाही.

तेवढ्यात लेकीने काकूचं ताट स्वतःकडे ओढलं.

"थांब काकू, आय विल डू इट."

तिने तुकडी उलटी केली. मधल्या कण्यावर अंगठा ठेवला आणि बाहेरच्या बाजूला हळूहळू दाबत गेली. मांस सुटं झालं. मग एकेक बारीक काटा चिमटीत धरून काढला आणि ताटाच्या डाव्या कडेला लावला. एकाखाली एक, ओळीने. वेंगुर्ल्याच्या बाहेर तसं करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. मी तिला कधी शिकवलंही नव्हतं. ती फक्त पंधरा वर्षं समोर बसून बघत होती.

साफ केलेला मासा तिने पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि ताट काकूकडे सरकवलं. "आता खा. नथिंग विल हॅपन."

जाऊबाईंनी एक घास घेतला. भीत भीत चावला, मग दुसरा घेतला. त्यांचे डोळे भरले होते. तिखटाने असावेत असं मी स्वतःला सांगितलं. "माझ्या दोघांना मी जन्मभर बिनकाट्याचंच घातलं गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "त्यांना हे येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "कुठला मासा हा?"

मी तोंड उघडलं, पण लेक आधी बोलली. मान खालीच, पुढची तुकडी साफ करत, मराठीत.

"इथे पिकरेल. पण आमच्या घरी वॉलआय म्हणतात, काकू."

आमच्या घरी. ज्या शब्दासाठी मी वर्षभर जळत होते, तो मला माझ्याच टेबलावर मिळाला. मासा मात्र जाऊबाईंच्या ताटात गेला, आणि मीच तो तिथे वाढला होता. लेकीने दुसरी तुकडीही काकूलाच दिली.

मी माझ्या ताटातले काटे काढायला लागले.