अर्जाच्या सहा प्रती

शाईचा वास आला की मला रायपूरमधलं आमचं सरकारी क्वार्टर आठवतं. राज्य नवं होतं, बाबांची भोपाळहून तिथे बदली झाली होती आणि मी चौथीत होते. शाळेत रोज प्रत्येक धडा पाच वेळा उतरवून मागायचे. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी खिडकीतून येऊन वहीवर बसायची आणि हाताखाली अक्षरं फिसकटायची. "पोट्टीले जेवाले टाइम नाही, तुमी शाळेत काहून बोलून नाही राहिले?" आई एकदा म्हणाली, तेव्हा बाबांनी गृहपाठ कमी व्हावा म्हणून प्राचार्यांच्या नावे हिंदीत अर्ज लिहिला, शेजारच्या चार घरांना सोबत घेतलं आणि कोरे कागद माझ्यासमोर ठेवले. "तुह्यं अक्षर चांगलं हाय, फेअर कर. एक प्राचार्याले, बाकी घरटी एक." झेरॉक्स काढा ना, आई म्हणाली. "ओरिजनलचं वजन राह्यते," बाबा म्हणाले. 'बच्चों पर लिखाई का बोझ कम किया जाए' हे मी सहा वेळा लिहिलं, आणि एकीत खाडाखोड झाली म्हणून सातव्यांदा. ताटातली पोळी गार झाली. शाळेचा गृहपाठ राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गाबाहेर उभी होते, तेव्हा बाई तो अर्ज हातात घेऊन आल्या. "किसने लिखा है?" "पापा ने," मी म्हणाले. गृहपाठ खरंच कमी झाला. आमच्या घरची प्रत बाबांनी अजून जपून ठेवली आहे. पाहुणे आले की ती काढतात, पोट्टीसाठी शाळेशी कसे लढलो ते सांगतात, आणि मी चहा टाकायला उठते.