बेटवाले दादा

बेटवाले दादा शहाळं पीत नसत. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपुढच्या टेबलांवर, आम्ही सगळे शहाळी घेऊन बसलो की ते स्वतःसाठी काळी कॉफी आणायचे. त्यांची लेक चिडवायची, "बाबा, डोन्ट थिंक सो मच, लाह!" दादा हसून म्हणायचे, "इथलं चांगलंच आहे गं. माझ्याच घशाखाली उतरत नाही."

दादा मूळचे नागपूरचे, वन-नॉर्थच्या आमच्या प्रयोगशाळेत मला बरेच सीनियर. पॅसिफिकमधल्या एका बेटावर फार पूर्वी अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या होत्या. तिथे किरणोत्सर्ग किती उरलाय, हे मोजायचं त्यांचं काम. वर्षातून एकदा ते तिथे जात आणि माती, खेकडे, नारळ पिशव्यांत भरून आणत. मग एकेक नमुना शिशाच्या जाड पेटीत ठेवून दिवसभर मोजणी चाले. पिशवीवर झाडाचा नंबर तर असेच, पण ते झाड कुणाच्या अंगणातलं, हेही दादा पेन्सिलीने लिहून ठेवत.

"तिथे वाळूवर चाललं, पाण्यात पोहलं तर काही होत नाही," ते मला सांगत. "पण मातीतलं किरणोत्सारी सीझियम झाड खत समजून ओढून घेतं. म्हणजे जा, बघा, पण पिकेल ते खाऊ नका. आपल्याच घरी पाहुण्यासारखं!"

हा 'पाहुण्यासारखं' शब्द त्या बेटावरच्या एका आजींचा होता. चाचण्यांसाठी त्यांना लहानपणी बेटावरून हलवलं, त्या दुसऱ्याच बेटावर म्हाताऱ्या झाल्या. अधूनमधून त्यांची नात व्हिडिओ कॉल लावी आणि आजींचं बोलणं इंग्रजीत सांगे. दादा आलेख दाखवत, समजावत. आजी सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "आकडे राहू दे. घरी जाऊ की नको?"

एकदा आजींच्या जागेवरची माती दादांनी तीनदा मोजली. पहिल्यांदा त्यांना वाटलं, पेटीचं झाकण नीट बसलं नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, पिशवीची अदलाबदल झाली असेल. तिसऱ्यांदाही आकडा तेवढाच जास्त आला.

"आकडा माझं ऐकत नाही गं. तीस वर्षांत निम्मं होतं ते सीझियम. आजींसाठी तीस वर्षं कुठून आणू?"

त्या दिवशी कॉलवर ते कसंबसं "नको" म्हणाले. आजींनी मान हलवली आणि उलट त्यांनाच विचारलं, "तू जेवलास का?"

पुढे प्रकल्पच बंद झाला. दादांचा इथे राहण्या-काम करण्याचा पास संपत आला. पाया लेबारच्या त्यांच्या फ्लॅटवर मी खोकी बांधू लागायला गेले होते, तेव्हा नातीचा फोन आला. आजी गेल्या होत्या. नातीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आम्ही तिला तिकडे, तिच्या बेटावर पुरलं तर चालेल का?"

"हो," दादा म्हणाले. "न्या. नक्की न्या त्यांना."

फोन ठेवून ते एका खोक्यावरच बसले. वहिनींनी पाण्याचा ग्लास दिला, तो तसाच हातात राहिला.

"इतकी वर्षं मोजलं," ते म्हणाले, "आणि हो म्हणायला मिळालं ते आज."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चिकटपट्टी उचलली आणि पुढचं खोकं बंद करायला घेतलं.