फिलूमावशीचं चवळीचं सूप

आज कुकर उघडला आणि चवळी-गाजराच्या वासानं मी बोरिवलीच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

बाबा नुकतेच गेले होते. आई चहाखेरीज काही घेत नव्हती, कुणाशी बोलतही नव्हती. एका दुपारी गावठाणातली तिची मैत्रीण फिलूमावशी पिशवीभर भाज्या घेऊन आली आणि न विचारता ओट्याशी उभी राहिली. भिजवलेली चवळी, गाजर, दुधी, टोमॅटो, सगळं एकाच पातेल्यात रटरटू लागलं. वर लसणीची फोडणी पडली, तेव्हा कितीतरी दिवसांनी आमच्या घराला स्वयंपाकाचा वास आला.

मावशीनं वाटी आईच्या हातात दिली. आईनं एक चमचा तोंडात घातला आणि थांबली.

“फिलू, मीठ विसरलीस गं.”

“मग ऊठ ना, तूच घाल.”

आई खरंच उठली. तिनं मीठ घातलं, ढवळलं, चाखलं, वर लिंबू पिळलं आणि तिथंच उभ्यानं अख्खी वाटी संपवली.

मावशी पाठ करून ओटा पुसत राहिली, स्वच्छ झाला तरी पुसतच राहिली. चूक झाली म्हणून ती ओशाळली असेल, असं मला तेव्हा वाटलं. ती रडत होती, हे आता कळतं.