कबुलीचा वेग

कंपनीच्या विधी विभागाच्या बाईंना बाहेरचे सगळे वकील ‘स्वल्पविराम’ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर ‘मॅडम, मॅडम’ आणि पाठ वळली की, “चला, स्वल्पविरामाने बोलावलंय.” बाईंचे कान तिखट होते. दर वेळी ते नाव त्यांना नव्याने झोंबे.

नाव ठेवलं होतं एका बड्या फर्मच्या थोरल्या वकिलांनी. बाई तेव्हा नुकतीच सनद घेऊन त्यांच्या ऑफिसात उमेदवारी करत होत्या. बाईंनी लिहिलेल्या एका करारात थोरल्यांनी स्वतःच्या पेनाने एक स्वल्पविराम घुसवला आणि अर्थाचा अनर्थ झाला. पुढे कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, हे कोणाचं काम? थोरले उठले, मागे बसलेल्या बाईंकडे बोट केलं आणि म्हणाले, “आमच्या या बाईंचा स्वल्पविराम आहे, साहेब. आज त्यांना पूर्णविराम देतो.” अख्खं दालन हसलं, न्यायाधीशसुद्धा. संध्याकाळी नोकरी गेली. नाव तेवढं राहिलं.

“तेव्हाच बोलायचं होतंस,” आई अजून म्हणते.

“कोणी ऐकलं असतं का?”

“नसतं ऐकलं. पण तुझ्या पोटात तरी साचलं नसतं. साप पाळलायस तू, बाई. त्याला रोज दूध पाजावं लागतं, आणि ते तुझ्याच वाटणीचं असतं.”

बाई हसत आणि डबा घेऊन निघत. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या या कंपनीत त्यांनी खालपासून वर विभागप्रमुखापर्यंत मजल मारली होती. आणि नशिबाची गंमत अशी, की कंपनीचं बरंचसं काम थोरल्यांच्याच फर्मकडे होतं. मालकांच्या वडिलांपासूनचा घरोबा. त्यांना नुसतं काढून टाकणं बाईंच्या हातात नव्हतं.

मग मालकांनीच एकदा विचारलं, “इतके वकील आपण पोसतो. त्यातला कामाचा कोण आणि नुसता काळा कोट कोण, हे मला कळणार कसं?”

बाईंनी मापं तयार केली. उत्तर वेळेवर येतं का, सल्ला साध्या माणसाला कळतो का, बिल ठरल्या अंदाजात बसतं का, निकाल काय लागला. प्रत्येकाला पाचापैकी गुण. हे कोणीही केलं असतं. पण बाईंनी खाली आणखी एक माप जोडलं : कबुलीचा वेग. फर्मने आपली चूक आपणहून किती लवकर सांगितली? लगेच सांगितली तर पूर्ण गुण. लपवली आणि आम्हालाच सापडली तर शून्य, आणि इथे शून्य म्हणजे बाकी गुण कितीही असोत, फर्म यादीतून बाद.

“वकील चूक कबूल करणार?” मालक खो-खो हसले. “त्यापेक्षा बैल दूध देईल, बाई! बरं, लावा. पण एका अटीवर. जे माप बाहेरच्यांना, तेच तुमच्या विभागाला.”

“चालेल की,” बाई म्हणाल्या. पहिली चार मापं त्यांनी कंपनीसाठी केली होती. पाचवं एका माणसाच्या अंगाचं माप घेऊन शिवलं होतं.

गंमत म्हणजे ते इतरांना छान बसलं. वकिलांचे फोन येऊ लागले. एक तर धापा टाकतच बोलला, “मॅडम, घोळ केलाय! भलत्याच कंपनीला नोटीस गेली. आत्ताच सांगतोय हां, अजून चहासुद्धा घेतला नाही!” बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले आणि चूक दुपारच्या आत निस्तरली. थोरल्यांच्या अहवालात मात्र दर तिमाहीला चुकीच्या रकान्यात एकच शब्द असे : निरंक. बाई तो शब्द चवीने वाचत. म्हणा, म्हणा निरंक. मी कुठे पळून चाललेय?

गोदामाचा भाडेकरार थोरल्यांनी केला. शेवटची प्रत त्यांनी परस्पर मालकांच्या टेबलावर नेऊन सही घेतली. बाईंच्या हातात ती पुढच्या आठवड्यात आली. वाचता वाचता त्या थांबल्या. छपराची दुरुस्ती गोदाममालकाने करायची ठरली होती, करारात ती भाडेकरूच्या, म्हणजे कंपनीच्या, गळ्यात पडली होती. दोन शब्दांची अदलाबदल. गोदाममालक भला माणूस होता. फोन केला असता तर त्याने दुरुस्तीपत्रावर हसत सही केली असती.

बाईंनी रिसीव्हर उचलला. मग खाली ठेवला. पुन्हा उचलून नंबर लावला तो थोरल्यांचा.

“करार चोख आहे ना, सर?”

पलीकडून थोरले खाकरले. “बाईसाहेब, आमचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!”

बाईंनी करार कपाटात ठेवला. त्या रात्री त्या गाढ झोपल्या.

छप्पर वादळात खचलं. माणसं वाचली, पण कागदाची रिळं भिजून लगदा झाली. बाई बघायला गेल्या, तर हमाल गुडघाभर चिखलात रिळं ओढत होते. एकाने त्यांना बसायला उलटी बादली दिली. बाई बसल्या नाहीत. गोदाममालक तोवर बदलला होता. नव्या गोदाममालकाने करारावर बोट ठेवलं आणि हात झटकले.

आढावा बैठकीत थोरले नेहमीच्या रुबाबात आले. मालकांनी करार पुढे सरकवला.

“ते होय? आमच्या तेव्हाच लक्षात आलं होतं,” थोरले म्हणाले. “टायपिस्टचा गाढवपणा. म्हटलं, उगाच बोभाटा कशाला? त्याला काढून टाकलंय.”

“पूर्णविराम दिलात म्हणायचं,” बाई म्हणाल्या.

“कसला पूर्णविराम?”

बाईंनी त्यांच्या चेहऱ्यात शोधलं. काहीच नव्हतं. ज्या वाक्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, ते या माणसाच्या लक्षातही नव्हतं! राग उतरायच्या ऐवजी दुप्पट झाला.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं आणि सांगितलं नाहीत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कबुलीचा वेग : शून्य.”

थोरल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “अहो मालक, तुमच्या वडिलांपासूनचे संबंध आपले...”

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते बाईंकडे पाहत होते. “बाई, हा करार तुम्ही कधी वाचलात?”

‘छप्पर पडल्यावर,’ एवढं म्हटलं की सुटका होती. कपाट काही साक्ष द्यायला येणार नव्हतं. थोरलेही मान वर करून बघायला लागले. बुडत्याला काडी दिसावी, तसे त्यांचे डोळे चमकले होते.

“सही झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात,” बाई म्हणाल्या.

“आणि गप्प राहिलात? का?”

“हे सांगतात का, ते बघायचं होतं.”

मग मालकांनी गुणांचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. “आपली अट आठवते ना? तुमच्या विभागालाही तेच माप. तुम्हालाही या खुर्चीत ठेवता येणार नाही मला.”

“आठवते. शून्य लिहा,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. “पण साहेब, आधी त्यांचं लिहा. मला बघायचंय.”