ओटीपी हळू सांगा!

संग्रामपुरात माझं ऑनलाइन सेंटर आहे. कापसाचा विमा, आधार, सातबारा, सगळं इथंच. लोक आपापली कामं करून जातात, किस्से मात्र माझ्याकडे ठेवून जातात. पूर्वी चहावर सांगून हसायचो. आताशा सांगता सांगता मीच आवाज हळू करतो.

रोजचं म्हणजे ओटीपी! एका काकांनी दारातूनच आकडे ओरडून सांगितले. सगळ्या लाइनीनं ऐकले.

"काका, हळू!"

"काऊन? चोरीचा हाये काय?"

"चोरी होऊ नये म्हणून म्हणतो!"

काकांना पटलं. ते जवळ आले आणि माझ्या कानात तेच आकडे पुन्हा सांगितले.

सलीमचाचा गाद्या भरतात. एटीएमचा पिन त्यांनी मोबाइलच्या कव्हरवर खिळ्यानं कोरलेला! मी म्हणालो, "चाचा, मोबाइल हरवला तर?"

"उसमें क्या! कार्ड पे भी लिखा है!"

रामदासभाऊंनी बोंडअळीचा फोटो कुठल्याशा शेतीच्या ग्रुपवर टाकला. खाली नाव, गाव, नंबर. दुसऱ्याच दिवसापासून फवारणीची औषधं विकणाऱ्यांचे फोन सुरू. घाबरेघुबरे होऊन आले. "गजूभाऊ, माह्यं वावर किती एकर हाये, तेबी त्याले ठाऊक! म्या तं लिवलंच नव्हतं!"

सोबत वहिनी होत्या. म्हणाल्या, "मंग अळी कवा जाईन, ते इचारा न त्याले!"

आम्ही हसलो. रामदासभाऊ नाही हसले. त्यांनी नंबरच बदलला. नव्या नंबरावर पहिला फोन त्याच माणसाचा!

माझा मित्र सदाशिव. त्यानं जळगाव जामोदच्या बाजारात जुना मोबाइल विकला, आतलं काहीही न पुसता. आठवड्यानं अनोळखी फोन आला. माणूस अगदी गोड बोलत होता. "भाऊ, पोरगी कितवीत हाये? फोटोत लय हुशार दिसते."

सदाशिव तेव्हापासून पोरीला स्वतः शाळेत सोडतो.

आणि परवा विमलबाई आल्या, मोबाइल हातात धरूनच. अंगणवाडीत असतात, बाई सावध. म्हणाल्या, "हा मले ओटीपी मागून राह्यला. म्हनते, सेंटरवाला गजानन बोलतो. म्या म्हटलं, थांब, फोन ठेवू नको."

त्यांनी स्पीकर लावला. मी ओरडलो, "गजानन तर मी आहे! तू कोण बे?"

तो जराही गडबडला नाही. त्यानं माझं पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. आईचं माहेरचं नाव, बायकोचा मोबाइल नंबर. एकही चूक नाही. मग फोन कट झाला.



विमलबाई दोन पावलं मागं सरल्या. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "त्यानं तं समदं सांगतलं. आता तुमी सांगा."